फायटरसोबतचे मासे टिकत नाहीत? आधी मारणारा कोण ते शोधा

"अक्का, फायटरनं अजून दोन मारले बघा."

मार्च संपत आला की मला असे फोन यायला लागतात. गल्लीतून, नात्यातून, भाच्याच्या मित्रांकडून. गोष्ट दर वेळी तीच असते. एकटा फायटर मासा बघवत नाही म्हणून दुकानातून चार-सहा बारके मासे आणले, दोन दिवस टँक भरल्यासारखा वाटला, मग रोज सकाळी एखादा तळाशी किंवा फिल्टरला चिकटलेला सापडू लागला. दोष फायटरवर जातो. पुढच्या वेळी दुसऱ्या जातीचे मासे येतात आणि तेही जातात. तिसऱ्या खेपेनंतर टँक माळ्यावर पडतो आणि फायटर बरणीत.

माझ्याकडेही हे झालं आहे, आणि त्यात चूक माझी होती. सोलापुरात साखर पेठेतलं आमचं घर पत्र्याचं. दीड फुटी टँकमध्ये एक निळा फायटर वर्षभर छान राहिला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्यासोबत सहा निऑन टेट्रा सोडले. चार दिवसांत तीन मेले. मी फायटरला उचलून काचेच्या बरणीत ठेवलं आणि मनात त्याला खूप बोलले. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन निऑन गेले.

टँकमध्ये आता मारणारा कुणीच नव्हता, तरी मासे मरत होते. तेव्हा पहिल्यांदा मी मेलेला मासा हातात घेऊन नीट बघितला. अंगावर ओरखडा नव्हता, शेपूट अख्खी होती. दुपारी चार वाजता टँकमध्ये थर्मामीटर धरला तर पाणी ३३ अंश. तिकडे बरणीतला फायटर त्याच खोलीत, त्याच उकाड्यात दाणे मागत होता.

फायटर वाचतो म्हणून तो गुन्हेगार ठरतो

फायटर, म्हणजे बेट्टा, हा मूळचा थायलंड आणि आसपासच्या भातखाचरांतला, दलदलीतला, संथ उथळ पाण्यातला मासा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तसल्या कोमट, गढूळ पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून त्याच्या कल्ल्यांच्या वर एक घड्यांचं अवयव असतं. वर येऊन तो हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू या घड्यांतून रक्तात जातो. आपल्याकडची मरळ आठवा. बाजारात ती अगदी थोड्या पाण्यात तासन्‌तास जिवंत असते, कारण तिलाही हवेतून श्वास घेता येतो.

निऑनकडे ही सोय नाही. त्याला पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच जगायचं असतं, आणि पाणी जितकं तापेल तितका तो प्राणवायू कमी होतो. २० अंशाला पूर्ण भरलेल्या गोड्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशाला तो साडेसात होतो, ३५ला सातच्याही खाली. त्याच वेळी उष्णतेने माशाचं शरीर जोरात चालतं आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. त्यात निऑन हा तुलनेने थंड पाण्याचा मासा, २५ अंशांच्या वर त्याला फार काळ ठेवू नये. दुपारी भारनियमनात फिल्टर बंद पडला की संपलंच. सगळे मरतात आणि एक उरतो. उरलेला नावानेच फायटर, म्हणून आपण त्याला धरतो.

फायटर कुणाला मारत नाही असं मी म्हणत नाही. मारतो. पण मला येणाऱ्या फोनांत खरोखर मारामारीचे प्रसंग निम्मेही नसतात. बाकी पाणी, उष्णता, आणि खूप छोटा टँक.

मेलेला मासा फेकायच्या आधी बघा

पांढऱ्या बशीत थोडं पाणी घेऊन मासा त्यात ठेवा आणि खिडकीपाशी उजेडात बघा. अंग अख्खं, रंग उडालेला, तोंड उघडं, कल्ले ताणलेले असतील तर तो गुदमरून किंवा विषारी पाण्याने गेला आहे. आदल्या रात्री टँकमधले मासे पृष्ठभागाला तोंड लावून होते का, हे आठवा. कल्ले लालभडक असतील तर अमोनिया किंवा क्लोरीनचा संशय आधी घ्यायचा.

डोळे गेलेले किंवा पोट फाटलेलं दिसलं की लोकांना खात्रीच पटते. इथे घाई करू नका. मेलेला मासा रात्रभर पडून राहिला तर फायटर त्याला टोचतो, गोगलगायी खातात, इतर मासेही खातात. मारून खाल्लं की मेल्यावर खाल्लं, हे त्या मेलेल्या माशावरून कळत नाही. ते जिवंत उरलेल्यांवरून कळतं. उरलेल्यांच्या शेपट्या स्वच्छ असतील, ते टँकभर मोकळे फिरत असतील, खायला पुढे येत असतील, तर फायटरवरचा संशय सोडून द्या. शेपटीला अर्धवर्तुळाकार तुकडे पडले असतील, खवले उडाले असतील आणि सगळे एकाच कोपऱ्यात फिल्टरमागे दबून बसले असतील, तर मात्र पाठलाग चालू आहे.

हे बघताना टँकसमोर बसू नका. तुम्ही दिसलात की फायटर खाऊसाठी काचेपाशी येतो आणि शहाण्यासारखा वागतो. मोबाइल टेकवून व्हिडिओ लावा आणि खोलीतून अर्धा तास बाहेर जा. एका ओळखीच्या काकूंच्या टँकचं कोडं असंच सुटलं. त्या बिचाऱ्या फायटरला रागावत होत्या आणि व्हिडिओत टायगर बार्ब त्याची शेपूट तोडताना दिसले.

फायटरचीच शेपूट फाटली असेल तर तीन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात. कडा सरळ तुटलेल्या आणि बाकी रंग ताजा असेल तर कुणीतरी चावतंय. कडा काळपट किंवा लालसर होऊन झिजत आत सरकत असतील तर ती शेपूट कुजते आहे, म्हणजे दोष घाण पाण्याचा. तिसरी शक्यता लोकांना पटत नाही: लांब, जड शेपटीचे फायटर कधीकधी स्वतःचीच शेपूट चावतात. खात्री करायची असेल तर त्याला तीन-चार दिवस वेगळ्या डब्यात ठेवा. तिथेही नवे तुकडे पडले तर सोबत्यांचा संबंध नाही. प्लास्टिकच्या झाडांचीही परीक्षा घ्या. जुनी नायलॉनची ओढणी त्या पानांवरून फिरवा. धागा अडकला तर फायटरचे पंखही तिथे अडकून फाटतात.

आपलं पाणी

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांनी येतं आणि तोवर बॅरल, हौद, टाकी यांवर घर चालतं. ही सवय टँकमध्येही शिरते, आणि माझ्या मते सोलापुरात सोबती मासे मरण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. पाणी आलं की सगळा टँक रिकामा करायचा, काचा घासायच्या, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र करायचा आणि ताजं पाणी भरायचं. आपल्याला वाटतं स्वच्छता केली. पण त्या स्पंजमध्ये माशांच्या मैल्यातला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढलेले असतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नळाचं क्लोरीनवालं पाणी त्यांना मारतं. मग दोन-तीन दिवसांनी अमोनिया चढतो आणि बारके मासे जातात. "पाणी तर परवाच बदललं होतं" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं आहे! परवा बदललं, म्हणूनच.

शिवाय आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. केटलमध्ये पांढरा थर बसतो, तोच टँकच्या काचेवर दिसतो. अशा पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, बहुधा ७च्या वर राहतो, आणि अमोनियाचा खेळ इथेच बिघडतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे पुण्याच्या कुणाच्या व्हिडिओत जे चालून जातं, ते मे महिन्यात जुळे सोलापुरातल्या वरच्या मजल्यावर चालेलच असं नाही.

उपाय कठीण नाहीत, पण नेमाने करावे लागतात. आठवड्याला टँकचं पाव किंवा फार तर तिसरा हिस्सा पाणी बदला, सगळं कधीच नको. नवं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. थेंब घालणं जास्त खात्रीचं. स्पंज टँकमधून काढलेल्या जुन्याच पाण्यात हलकेच पिळा. गच्चीवरच्या बॅरलचं पाणी दुपारी सरळ टँकमध्ये ओतू नका, ते चटका बसेल इतकं तापलेलं असतं. आणि बाष्पीभवनाने खाली गेलेली पातळी फक्त भरून काढत राहू नका. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागे राहतात, त्यात पुन्हा जड पाणी घातलं की पाणी आणखी जड होतं. आम्ही आता पिण्याच्या जारचं पाणी आणि साठवलेलं नळाचं पाणी अर्धं-अर्धं मिसळतो. नुसतं जारचं पाणी वापरू नका, त्यात क्षार फारच कमी असतात.

उन्हाळ्यात बर्फ टाकायची इच्छा होते. तासात चार-पाच अंश उतरून पुन्हा चढणं माशाला उष्णतेपेक्षा वाईट. टँक पत्र्यापासून लांब, खालच्या मजल्यावर, जमिनीलगत आणा. झाकणाऐवजी जाळी लावा, म्हणजे फायटर उडी मारणार नाही, आणि टेबल फॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. टँकच्या तीन बाजूंना ओला टर्किश टॉवेल गुंडाळा. टॉवेलांना आपल्याकडे काय तोटा! आपली हवा कोरडी असल्यामुळे हे फार छान काम करतं. माझ्याकडे यानेच दोन-तीन अंश उतरतात.

मग सोबत कोण चालेल

टँकचं माप सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. एकट्या फायटरला वीस लिटर तरी हवं. सोबती हवे असतील तर दोन फुटी टँक घ्या. २४ बाय १२ बाय १२ इंचांचा टँक काठोकाठ ५६ लिटरचा असतो, खडी आणि वरची मोकळी जागा सोडून पन्नासच्या आत भरतो. दीड फुटीत फायटर आणि एखादी गोगलगाय, याच्या पुढे मी जाणार नाही. गोल बाउलमध्ये तर कुणीच नको.

आपल्या पाण्यासाठी माझी पहिली पसंती नेराइट गोगलगायीला. जड पाण्यातला चुना तिच्या शंखाला लागतोच, ती शेवाळ खाते, फायटर तिच्या वाटेला फारसा जात नाही, आणि तिची पिल्लं गोड्या पाण्यात होत नाहीत. काचेवर पांढरे ठिपके घालते, तेवढं सोसायचं. मोठी ॲपल स्नेलही चालते, पण तिच्या लांब मिशा हलताना काही फायटर त्यांना किडा समजून टोचतात. गोगलगाय मेली तर त्याच दिवशी काढा, पाणी फार लवकर नासतं.

मासेच हवे असतील तर हार्लेक्विन रासबोरा किंवा एम्बर टेट्रा, सहा ते आठच्या थव्यात. थवा मोठा असला की ते आपसातच गुंततात. दोन-तीनच आणले तर घाबरतात नाही तर चावरे होतात. "आधी दोन आणून बघतो" हा सगळ्यांचा बेत असतो आणि तो इथे उलटा पडतो. तळाला कुली लोच छान. उष्ण पाणी सोसतात, दिवसा दडून असतात, फायटरच्या नजरेत येत नाहीत. कोरी, म्हणजे कोरिडोरस हे तळाचे मासे, मला फार आवडतात. त्यातली स्टर्बाय जात गरम पाण्याला बरी, पण सहा तरी हव्यात, आणि तळाला बारीक वाळू हवी. टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. कोरी मधूनच सुर्रकन वर जाऊन हवा घेते, ते तिचं नेहमीचं आहे, घाबरू नका. सारखी जात असेल तर मात्र पाणी तपासा.

श्रिम्प, म्हणजे बारकी कोळंबी, टाकणार असाल तर त्यातले काही खाऊ म्हणून जाणार हे धरून चाला.

नको असलेल्यांत पहिला गप्पी, कारण तो आपल्याकडे सहज हाताशी असतो. डासांच्या अळ्या खायला हौदात गप्पी सोडलेले असतात, त्यातले मूठभर उचलून टँकमध्ये येतात. दुकानातला रंगीत नर गप्पी तर फायटरला लहानसा प्रतिस्पर्धीच वाटतो: पसरट, झगमगती शेपूट. हौदातले करडे गप्पी दिसायला साधे असले तरी सोबत रोग आणतात आणि महिन्याला पिल्लं घालून टँक भरून टाकतात. टायगर बार्ब, विडो टेट्रा, सर्पे टेट्रा शेपट्या तोडतात. गुरामी फायटरच्या नात्यातला, दोघे एकाच जागेवर हक्क सांगतात. एंजल नको. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, तो मोठा होतो आणि घाणही खूप करतो. दोन नर फायटर कधीच नाही. नर-मादीसुद्धा प्रजननापुरतेच एकत्र, तेही लक्ष ठेवून. माद्यांचा गट शांत राहतो असं सांगतात; मी दोनदा बिघडलेला पाहिला आहे, म्हणून मी तो सुचवत नाही.

सकर वेगळा सांगते. "काच साफ करेल" म्हणून दुकानात दोन इंचांचा सकर हातात देतात. तोच वाढून फूटभराच्या वर जातो, आणि भूक लागली की झोपलेल्या माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. दोन फुटी टँकमध्ये त्याला जागा नाही.

सोडायचे कसे

नवे मासे आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा. अंगावर रोगाचे मिठाच्या कणांसारखे ठिपके येणार असतील तर तिथेच येऊ देत. टँकमध्ये आधीपासून फायटर असेल तर त्याला बाहेर काढा, झाडं आणि दगड हलवून नवी मांडणी करा, सोबत्यांना चार-पाच दिवस रुळू द्या आणि मग संध्याकाळी दिवा बंद करून फायटरला सोडा. जागा नवी वाटली की हक्क गाजवायला त्याच्याकडे जुना कोपरा नसतो. त्याआधी दोन दिवस त्याला पारदर्शक डब्यात त्याच टँकमध्ये तरंगत ठेवलं तर आणखी बरं.

पहिल्या दिवशी तो कल्ले फुलवेल, दोन-चारदा धावून जाईल. तेवढ्याने काढू नका. तिसऱ्या दिवशीही खाणं सोडून पाठलागच करत असेल, किंवा कुणाच्या अंगावर जखम दिसली, तर वेगळं करा आणि परत प्रयोग करू नका. काही फायटर कुणालाच सहन करत नाहीत. तो एकटा उदास नसतो, त्याची तीच रीत आहे.

खायला देताना फायटरचे दाणे वर एका टोकाला, थव्याचे दुसऱ्या टोकाला, आणि दिवा मालवल्यावर तळाला बुडणारी गोळी कोरी-लोचसाठी. तळाचे मासे उपाशी मरतात आणि नाव पुन्हा फायटरचंच येतं.

थंडीतही एक गंमत होते, म्हणजे काळजीची. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रात्री पाणी वीस-बावीस अंशांवर उतरतं. फायटर सुस्त होऊन पानावर पडून राहतो आणि एरवी शांत असलेले टेट्रा त्याच्या शेपटीला तोंड लावतात. तेव्हा सोबती बदलू नका, पन्नास वॅटचा हीटर लावून पाणी २६ अंशांवर ठेवा.

जे मासे जमले नाहीत ते दुकानदाराला परत द्या किंवा ओळखीत कुणाला द्या. कंबर तलावात किंवा नदीत सोडू नका. सकर तर देशात ठिकठिकाणच्या तलावांत असाच सोडल्यामुळे पसरला आहे आणि तिथल्या माशांच्या मुळावर उठला आहे.

एप्रिल-मे मध्ये नवा सोबती आणूच नका, जूनचा पाऊस पडून हवा निवेपर्यंत थांबा. आणि तरी मासे मरायला लागले तर मला जरूर फोन करा. फक्त करण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: टँकची लांबी-रुंदी-उंची, दुपारी चार वाजताचं पाण्याचं तापमान, पाणी शेवटचं कधी आणि किती बदललं, आणि मेलेल्या माशाची शेपूट अख्खी होती का.